ट्रिगर पारखावा कसा, जुळवावा कसा : .२२ स्पोर्ट पिस्तूल वापरणाऱ्या नेमबाजांसाठी

रेंजवर एखाद्या नेमबाजाचे दोन-तीन शॉट सलग खाली डावीकडे गेले की त्याची पहिली तक्रार बहुधा ट्रिगरबद्दल असते. ट्रिगर जड आहे, खरखरतो, अडकतो, अशी वाक्ये ऐकू येतात आणि थोड्याच वेळात खिशातून ॲलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली) बाहेर निघते. माझ्या अनुभवात अशा दहा तक्रारींपैकी सहा-सात वेळा दोष बोटाच्या जागेत किंवा साचलेल्या मळात सापडतो, आणि स्क्रूला हात लावण्याची वेळ उरलेल्या थोड्या प्रसंगांतच येते. म्हणून या लेखात पारखण्याचा भाग मोठा आहे आणि जुळवण्याचा त्या मानाने लहान.

येथे विचार केला आहे तो २५ मीटर प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या अर्धस्वयंचलित स्पोर्ट पिस्तुलाचा, म्हणजे पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी, हॅमरली अशा बनावटीच्या, कारखान्यातूनच समायोजनाचे स्क्रू घेऊन येणाऱ्या पिस्तुलांचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात. स्वसंरक्षणासाठी किंवा नोकरीत बाळगल्या जाणाऱ्या पिस्तुलांना पुढील काहीही लागू करू नये, कारण त्यांचा जड ट्रिगर ही त्यांची सुरक्षाव्यवस्था असते.

एक मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. उत्पादकाने वापरणाऱ्यासाठी दिलेले आणि माहितीपुस्तिकेत क्रमांकासह दाखवलेले स्क्रू फिरवणे एवढेच नेमबाजाचे काम आहे. सिअर (हॅमरला मागे रोखून धरणारा खटका) घासणे, हॅमरची (गोळी सुटण्यासाठी पडणाऱ्या हातोडीची) खाच पॉलिश करणे, स्प्रिंग कापणे किंवा बदलणे ही परवानाधारक कारागिराची कामे आहेत आणि ती त्याच्याकडेच सोपवावीत. पिस्तूल क्लबचे असेल, तर साधा स्क्रूसुद्धा प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय फिरवू नये, कारण तेच पिस्तूल दुपारी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार असते.

बोटाखाली नेमके काय घडते

ट्रिगरबद्दल बोलताना ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्द फारसे उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी त्याच्या प्रवासाचे तुकडे वेगळे ओळखता आले पाहिजेत. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट फक्त एक स्प्रिंग दाबत असते. हा प्रवास काही मिलिमीटरचा, सरळ आणि सारख्या दाबाचा असावा. त्यानंतर बोटाला एक भिंत लागते. येथे ट्रिगरची दांडी सिअरला टेकलेली असते आणि यापुढचा प्रत्येक ग्रॅम सिअरला हॅमरच्या खाचेतून बाहेर सरकवण्यासाठी खर्च होतो. हा दुसरा टप्पा. सिअर खाचेतून सुटला की हॅमर पडतो आणि त्यानंतरही ट्रिगर थोडा मागे जातो. त्या उरलेल्या प्रवासाला नेमबाज ओव्हरट्रॅव्हल म्हणतात. शॉटनंतर बोट पुढे सोडताना ट्रिगर पुन्हा सिअरला धरतो, तो क्षण म्हणजे रीसेट.

दुसऱ्या टप्प्यात भिंत लागल्यावरही ट्रिगर हळूहळू सरकताना जाणवत असेल, तर त्याला क्रीप म्हणतात. हा क्रीप मऊ आणि सलग असेल, तर काही नेमबाजांना तो आवडतो, विशेषतः वेगाच्या मालिकेत. पायऱ्यापायऱ्यांनी, थांबत-थांबत सरकणारा क्रीप मात्र कोणालाच नको असतो, कारण प्रत्येक पायरीला ‘आता सुटला’ असे वाटून मन आधीच दचकते.

वजनाचा नियम सोपा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तूल प्रकारांत ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम असावे लागते, तर १० मीटर एअर पिस्तुलासाठी ही मर्यादा ५०० ग्रॅमची आहे. रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेलेल्या ५० मीटर फ्री पिस्तूल प्रकारात अशी किमान मर्यादाच नव्हती. त्या पिस्तुलावर वाढलेल्या जुन्या नेमबाजांना १००० ग्रॅम हे ओझे वाटत असे, यात नवल नाही.

पारखण्याची तयारी

मॅगझिन काढावे, बोल्ट (मागचा सरकता भाग) मागे खेचून चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी आणि नंतर बोटाने तपासावे, आणि काडतुसे खोलीतून बाहेर ठेवावीत. बाहेर म्हणजे दुसऱ्या टेबलावर नव्हे, दुसऱ्या खोलीत. रेंजवर असाल, तर पिस्तूल हातात नसताना चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) असलाच पाहिजे. .२२ चे काडतूस रिमफायर असल्याने फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, आणि चेंबर रिकामे असेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते. म्हणून ड्राय फायरसाठी, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबून सराव करण्यासाठी, उत्पादकाने दिलेला प्लग किंवा त्याच मापाचे डमी काडतूस वापरावे.

वजन मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही, मात्र स्प्रिंगचा काटा वापरू नये. स्पर्धेत लटकते वजन वापरले जाते, आणि घरीही तसेच वापरावे. मी एक लिटरची प्लास्टिकची बाटली, तिच्या गळ्याला बांधलेली जाड तार आणि तारेच्या वरच्या टोकाला सपाट कडेचा आकडा (हुक) अशी व्यवस्था केली आहे. ही सगळी जोडणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून एकूण १००० ग्रॅम होईपर्यंत पाणी भरायचे. पाण्याचा फायदा असा की एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे औषधाच्या सिरिंजने दहा-दहा मिलिलिटर वाढवत ट्रिगर नेमका किती वजनाला सुटतो ते शोधता येते.

पिस्तूल कॉक करून (हॅमर मागे ताणून) नळी सरळ वर धरावी, आकडा ट्रिगरच्या मध्यावर टेकवावा आणि जमिनीवर ठेवलेली बाटली हळूहळू, झटका न देता, उचलावी. बाटली जमिनीपासून सुटली आणि हॅमर पडला नाही, तर ट्रिगर त्या वजनाला उत्तीर्ण झाला. मग पाणी वाढवत जावे आणि हॅमर पडेल ते वजन वहीत लिहावे. असे किमान दहा वेळा करावे. सरासरीपेक्षाही या दहा आकड्यांमधील फरक महत्त्वाचा असतो. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात २०-३० ग्रॅमचा फरक मी चालवून घेतो. तो ८०-१०० ग्रॅमवर गेला, तर आत मळ आहे, तेल चिकट झाले आहे किंवा सिअरची पकड (तो हॅमरच्या खाचेत किती खोल बसतो ते) बरोबर नाही, असे समजावे.

मध्यावर आकडा लावण्याचा आग्रह का, हे मला एका जिल्हास्तरीय स्पर्धेत कळले. घरी माझा ट्रिगर १०१० ग्रॅमला टिकत होता. उपकरण तपासणीत तीन प्रयत्न मिळतात, आणि तिन्ही वेळा हॅमर पडला. रांगेतल्या लोकांसमोर स्क्रू फिरवताना माझ्या बोटांना घाम फुटला होता. घरी येऊन पाहिले तेव्हा लक्षात आले की माझा आकडा ट्रिगरच्या वरच्या भागात, सांध्याजवळ बसत होता. ट्रिगर ही एक तरफ आहे. समजा सांध्यापासून १८ मिलिमीटरवर १००० ग्रॅम लागतात, तर २० मिलिमीटरवर १००० गुणिले १८ भागिले २०, म्हणजे ९०० ग्रॅमच पुरतात. दोन मिलिमीटरच्या चुकीने शंभर ग्रॅमचा घोळ झाला होता. हीच गोष्ट बोटालाही लागू पडते. ज्याचे बोट आज ट्रिगरच्या टोकाशी आणि उद्या वर बसते, त्याला एकच ट्रिगर रोज वेगळ्या वजनाचा वाटतो आणि तो दोष पिस्तुलाला देतो.

बोटाची परीक्षा

म्हणून पुढची पायरी बोटाची. शिकवण्याच्या खडूची पूड तर्जनीच्या पेराला लावावी, नेहमीप्रमाणे पकड घ्यावी आणि पाच वेळा ड्राय फायर करून ट्रिगरवर उमटलेला पांढरा ठसा पाहावा. ठसा ट्रिगरच्या मधोमध, एकाच जागी आणि पेराच्या मध्यभागाचा असावा. ठसा एका कडेला ताणलेला दिसला, तर बोट ट्रिगरला तिरके ढकलत आहे. याच वेळी आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर्जनी आणि ग्रिप यांच्यामधली जागा तपासावी. तर्जनीचे मुळाकडचे पेर लाकडाला घासत असेल, तर ट्रिगर दाबताना ते सगळे पिस्तूलच बाजूला लोटते, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

बहुतेक स्पोर्ट पिस्तुलांत ट्रिगरचा पत्रा, म्हणजे बोट टेकते तो भाग, पुढे-मागे सरकवता येतो आणि थोडा फिरवताही येतो. भिंतीवर पोहोचल्यावर तर्जनीच्या मधल्या सांध्यात साधारण काटकोन व्हावा आणि दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत यावा, अशी त्याची जागा ठरवावी. बारीक हाताच्या मुलींना क्लबचे पिस्तूल दिले जाते तेव्हा हा पत्रा हमखास फार पुढे असतो. त्या बोट ताणून टोकाने ट्रिगर ओढतात आणि ‘मला जड पडतो’ म्हणतात. पत्रा चार मिलिमीटर मागे घेतल्यावर तोच १००० ग्रॅमचा ट्रिगर हलका झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

साइट काय सांगते

ट्रिगरचा अंतिम निकाल बोटाने देऊ नये, पुढच्या साइटवरून (नळीच्या टोकाकडच्या नेम धरण्याच्या खुणेवरून) द्यावा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपासून एक-दीड मीटरवर उभे राहून, कोणतेही लक्ष्य न लावता, फक्त दोन्ही साइटची जुळणी पाहत वीस ड्राय फायर करावेत. लक्ष्य नसल्याने मन केंद्राकडे धावत नाही आणि साइटची बारीक हालचालही दिसते. हॅमर पडण्याच्या आधी साइट थरथरत किंवा खाली डुलत असेल, तर दोष बहुधा पायऱ्यांच्या क्रीपमध्ये किंवा दुसरा टप्पा फार जड असण्यात असतो. हॅमर पडेपर्यंत साइट स्थिर आणि पडल्यावर लगेच एका बाजूला उडी, असे होत असेल तर ओव्हरट्रॅव्हल जास्त आहे. कधी साइट उजवीकडे, कधी डावीकडे, कधी खाली असे काहीच ठरलेले नसेल, तर ट्रिगर सोडून द्यावा आणि पकड व बोट यांच्याकडे परत जावे.

याला जोड म्हणून एकदा तरी प्रशिक्षकाकडून मॅगझिनमध्ये खरी आणि डमी काडतुसे मिसळून भरून घ्यावीत. डमीवर पिस्तूल खाली झुकले, तर तो धक्क्याच्या भीतीचा परिणाम असतो, आणि त्यावर ॲलन कीचा काहीही उपयोग होत नाही. ही चाचणी नेमबाजांना आवडत नाही. मलाही ती आवडली नव्हती.

आधी साफसफाई

.२२ च्या काडतुसांवर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो. त्यात दारूची काजळी आणि शिशाची बारीक पूड मिसळून काळसर लेप तयार होतो, आणि अर्धस्वयंचलित पिस्तुलात प्रत्येक शॉटनंतर त्याचा थोडा अंश मागे ट्रिगरच्या यंत्रणेकडे येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, लोक गंजाच्या भीतीने तेल ओततात, आणि त्या तेलात हा लेप कालवला जाऊन सिअरवर चिकटा बसतो. पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच भाग सुटे करावेत, मऊ ब्रशने आणि सुती कापडाने मळ काढावा, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा तेलाचा थेंब फक्त सांगितलेल्या ठिकाणी द्यावा. लाकडी ग्रिप आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची वायरिंग यांच्यापासून क्लीनर दूर ठेवावा. त्यानंतर पाण्याच्या बाटलीची चाचणी पुन्हा करावी. आकड्यांमधला फरक शंभरावरून तीसवर आलेला दिसला, तर बहुतेकांचे काम इथेच संपते.

स्क्रू फिरवण्याची वेळ आलीच तर

पुस्तिका समोर उघडी ठेवावी, कारण एका बनावटीत जो स्क्रू दुसऱ्या टप्प्याचे वजन बदलतो, त्याच जागचा स्क्रू दुसऱ्या बनावटीत सिअरची पकड बदलतो. सुरुवातीला प्रत्येक स्क्रूची स्थिती मोबाइलवर फोटो काढून आणि त्याच्या कडेला बारीक मार्करची रेघ ओढून नोंदवावी. एका वेळी एकच स्क्रू, तोही आठवा भाग किंवा फार तर पाव फेरा फिरवावा, आणि प्रत्येक वेळी दिशा व फेरा वहीत लिहावा. दोन स्क्रू एकाच वेळी फिरवणाऱ्याला बिघाड कोणत्या स्क्रूने केला हे कधीच कळत नाही.

क्रमाला महत्त्व आहे. पत्र्याची जागा आधीच ठरली आहे असे धरून, प्रथम ओव्हरट्रॅव्हलचा थांबा अर्धा-एक फेरा सैल करावा, म्हणजे तो पुढच्या कामात आड येणार नाही. मग सिअरची पकड पाहावी. क्रीप त्रासदायक असेल तरच ती कमी करावी, आणि तेही आठव्या भागाने. येथे लोभ महागात पडतो. काचेसारखा, जराही न सरकणारा ट्रिगर बोटाला फार छान वाटतो, पण पकड फार कमी झाली की बोल्ट पुढे आदळताना हॅमर खाचेत टिकत नाही आणि पिस्तूल एका दाबात दोन गोळ्या झाडू शकते. थोडा क्रीप शिल्लक ठेवलेला ट्रिगर मला नेहमीच जास्त पसंत पडला आहे.

त्यानंतर दोन टप्प्यांतली वाटणी. एकूण वजन १००० ग्रॅमच्या खाली नेता येत नसल्यामुळे खरा निर्णय एवढाच उरतो की त्यातले किती पहिल्या टप्प्यात ठेवायचे. मी ६५० ते ७५० ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात ठेवण्याच्या मताचा आहे. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड भागात लक्ष्य फक्त ३ सेकंद दिसते आणि हात ४५ अंशांतून वर आणायचा असतो. पहिला टप्पा हात वर येतानाच पूर्ण दाबून भिंतीवर पोहोचायचे असेल, तर तो चांगला वजनदार असावा लागतो, नाहीतर उत्साहाच्या भरात बोट भिंत ओलांडून जाते. केवळ प्रिसिजन भागात, जिथे ५ शॉटना ५ मिनिटे मिळतात, हलका पहिला टप्पा आणि स्पष्ट भिंत अनेकांना बरी वाटते. पण स्पर्धा दोन्ही भागांची मिळून असते आणि मध्ये ट्रिगर बदलत बसू नये. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात ५ लक्ष्यांवर ८, ६ आणि ४ सेकंदांत ५ शॉट मारायचे असल्यामुळे रीसेटचाही विचार करावा लागतो. बोट किती पुढे सोडावे लागते हे तिथे दशांश सेकंदांत मोजले जाते.

वाटणी झाल्यावर एकूण वजन पुन्हा मोजावे आणि ते १००० वर नेमके न ठेवता १०३० ते १०५० ग्रॅमवर ठेवावे. हे तीस-पन्नास ग्रॅम बोटाला जाणवत नाहीत, पण धूळ, थंडी आणि तपासनीसाच्या हाताची ठेवण यांच्यासाठी ते पुरेसे पडतात. सर्वांत शेवटी ओव्हरट्रॅव्हलचा थांबा हॅमर जेमतेम सुटेल तेवढा आत घ्यावा आणि मग तिथून पाव फेरा मागे न्यावा. अगदी टोकाला ठेवलेला थांबा मळ साचल्यावर हॅमरला सुटूच देत नाही, आणि हे नेमके रॅपिडच्या मालिकेत घडते.

सुरक्षेची चाचणी

या चाचणीशिवाय पिस्तुलात काडतूस घालू नये. रिकाम्या पिस्तुलाचा बोल्ट पूर्ण मागे खेचून ट्रिगरला हात न लावता सोडावा आणि हॅमर मागेच राहतो का ते पाहावे. असे पाच-सहा वेळा करावे. मग ट्रिगर दाबून धरलेल्या अवस्थेत बोल्ट मागे खेचून सोडावा. हॅमर पडता कामा नये, आणि बोट पुढे सोडल्यावर रीसेटची टिचकी स्पष्ट जाणवली पाहिजे. कॉक केलेल्या पिस्तुलाच्या ग्रिपवर तळहाताने सर्व बाजूंनी थापट्या माराव्यात. एकदाही हॅमर पडला, तर सिअरची पकड वाढवावी. तरीही पडत असेल, तर पिस्तूल कारागिराकडे न्यावे.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे, मग दोन. दोन काडतुसांचा टप्पा गाळू नये. पिस्तूल एका दाबात दोनदा उडण्याची शक्यता असेल, तर ती येथेच आणि कमीत कमी धोक्यात कळते. त्या वेळी प्रशिक्षक शेजारी असावा आणि त्याला काय बदलले आहे ते आधी सांगितलेले असावे. हे सुरळीत झाले की पाच-पाच शॉटच्या पाच मालिका झाडाव्यात. समायोजनापूर्वी झाडलेल्या तशाच पाच मालिकांची लक्ष्ये जपून ठेवली असतील, तरच तुलनेला अर्थ आहे. प्रत्येक शॉटनंतर स्कोप पाहण्याआधी तो कुठे गेला असेल ते बोलून दाखवावे. ग्रूपिंग (शॉट एकमेकांच्या किती जवळ पडतात ते) तेवढेच राहिले पण बोललेली आणि पडलेली जागा जुळू लागली, तरी मी तो ट्रिगर सुधारला असेच मानतो.

त्यानंतर किमान तीन आठवडे एकाही स्क्रूला हात लावू नये. बोटाला नवा ट्रिगर सवयीचा व्हायला तेवढा वेळ लागतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदल करणारे नेमबाज मी दरवर्षी पाहतो. स्पर्धेच्या सकाळी उपकरण तपासणीच्या टेबलावर ठेवलेल्या अधिकृत वजनावर ट्रिगर स्वतः एकदा तपासून घ्यावा, आणि मालिका संपल्यावर पिस्तूल लगेच बॅगेत कोंबण्याची घाई करू नये, कारण शेवटच्या मालिकेनंतर चिठ्ठी टाकून निवडलेल्या नेमबाजांचे ट्रिगर पुन्हा तपासले जातात आणि तिथे वजन उचलले गेले नाही, तर दिवसभराचे सगळे गुण बाद होतात.